दोन फियाट मिळून एक: कुर्ल्याच्या गॅरेजचा अनुभव

जुन्या गाड्यांचं काम करणाऱ्या गॅरेजबद्दल लोक एकतर "डोळे झाकून जा" लिहितात नाहीतर "लुटलं" लिहितात, आणि ज्याला आपली गाडी खरंच द्यायचीये त्याला दोन्हीतून काही कळत नाही, म्हणून जरा लांब लिहितोय. गाडी आहे १९६८ ची फियाट ११०० डिलाईट, काकांची, पार्ल्याला बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये कव्हर घालून वर्षानुवर्षं उभी होती. गॅरेज कुर्ला पश्चिमेला, सीएसटी रोडवरून आत शिरलं की जुन्या पार्ट्सची आणि भंगाराची जी दुकानं लागतात त्यांच्या मागच्या गल्लीत. नाव लिहीत नाही कारण गॅरेज चालवणाऱ्या चाचांनीच नको सांगितलंय, ते एका वेळी दोनच गाड्या घेतात आणि उगाच चौकशीचे फोन आले की काम थांबतं. त्या गल्लीत फियाटवाले चाचा कुठे बसतात विचारलं तर कुणीही सांगेल.

आता यात डोनर गाडी, म्हणजे जिचे पार्ट काढून आपल्या गाडीला लावायचे ती दुसरी गाडी, का आली ते सांगतो, कारण या गॅरेजची खरी किंमत त्यातच आहे. मुंबईत फियाटचे पार्ट्स मिळायचे ते टॅक्सीमुळे. रस्त्यावर हजारोंनी पद्मिनी, म्हणजे फियाटच्याच नंतरच्या मॉडेलच्या, टॅक्स्या होत्या तोवर ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट्सवाल्यांकडे काहीही मागा, मिळायचं, पंजाब-दिल्लीकडचा लोकल माल तरी मिळायचाच. पद्मिनीचं प्रॉडक्शन २००० च्या आसपास थांबलं, आणि मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेव आरटीओत रजिस्टर झालेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बाद झाली. त्यानंतर दुकानदार नवा स्टॉक कशाला भरतील? ज्यांच्याकडे आहे ते मनाला येईल तो भाव सांगतात, आणि बऱ्याचदा जो माल "ओरिजिनल" म्हणून देतात तो हातात घेतला की पत्रा किती पातळ आहे ते कळतं.

चाचांनी पहिल्या दिवशी गाडी जॅकवर घेतली, खाली आडवे झाले आणि स्क्रू ड्रायव्हरने दाराखालचा सिल टोचून बघितला. स्क्रू ड्रायव्हर आत गेला. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, डिकीचा तळ, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं माउंटिंग, सगळीकडे तेच. समुद्राची हवा आणि कव्हरखाली साचलेली ओल, दुसरं काय होणार. ते म्हणाले एकेक पार्ट शोधत बसलात तर दोन वर्षं जातील आणि पैसे दुप्पट, त्यापेक्षा एक पूर्ण पद्मिनी घ्या, कागद असलेली, आणि ती इथे आणून तुमच्यासमोर खोला. मला हे पटायला वेळ लागला नाही, कारण डिलाईट ते पद्मिनी हा सगळा एकच वंश आहे. प्रीमियरने कुर्ल्यातच बनवलेली १९६४ पासूनची ११०० डी म्हणजे डिलाईट, मग प्रीमियर प्रेसिडेंट, मग पद्मिनी, सांगाडा तोच, १०८९ सीसीचं इंजिन तेच, स्टिअरिंगवरचा हात गिअर तोच. बदलली ती पुढची जाळी, लायटी, डॅशबोर्ड, क्रोमच्या पट्ट्या. हे कारखाना होता तिथून जेमतेम दोन-तीन किलोमीटरवरच्या गल्लीत चाललंय याचं मला फार अप्रूप वाटतं, खरंच.

एक गोष्ट मात्र ज्यांच्याकडे डिलाईटच्या आधीची फियाट आहे त्यांनी लक्षात ठेवा. सिलेक्ट, सुपर सिलेक्टचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, बिजागरी मागच्या बाजूला. त्यांना पद्मिनीचे पुढचे दरवाजे बसत नाहीत, बॉडीतलं बरंच काही वेगळं आहे. इंजिनचं सामान बरंचसं चालेल, बॉडीसाठी डोनर म्हणून पद्मिनी घेऊ नका.

डोनर कुठली घ्यायची यावरही चाचांचं ठाम मत होतं. टॅक्सी नको. भंगारात टॅक्सी स्वस्तात मिळायची, पण ती वर्षानुवर्षं सीएनजीवर चाललेली असते, आणि पेट्रोलसाठी बनवलेल्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, गॅस जाळला की व्हॉल्व्हच्या सीटा झिजून आत बसतात. शिवाय बॉडीवर इतक्या वेळा टिंकरिंग, म्हणजे पत्र्याची ठोकाठोकी, झालेलं असतं की कुठला पत्रा कंपनीचा आणि कुठला नाक्यावरच्या मेस्त्रीचा ते देवालाच माहीत. आम्हाला डोंबिवलीत एका सोसायटीत उभी असलेली प्रायव्हेट पद्मिनी मिळाली, नव्वदच्या दशकातली, एकाच मालकाची, ७०,००० च्या आसपास, टोईंग वेगळं. चाचा स्वतः बघायला आले, त्याचे पैसे घेतले नाहीत, लोकलने आले आणि लोकलने गेले.

कागदांबद्दल इथेच लिहितो कारण हे कुणी नीट सांगत नाही. फियाटला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते, बॉडी हीच चेसिस, नंबर पत्र्यावरच पंच केलेला असतो. त्यामुळे कोणी सांगितलं की डोनरची बॉडी चांगली आहे, तुमचा नंबरचा तुकडा कापून तिच्यावर जोडून देतो, तर तिथून गाडी उचला आणि निघा. तो सरळ गुन्हा आहे, आणि अशी गाडी पुढे विंटेज म्हणून नोंदवायला गेलात तर तिथेही अडकणार. २०२१ च्या केंद्राच्या नियमात ५० वर्षांवरची गाडी विंटेज धरतात, पण अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल केलेले नसावेत. चाचांनी हे न विचारता सांगितलं, मोठा पॉइंट. डोनरची गाडी मालकाच्या नावावरून रीतसर घेतली, आणि मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते, तेही केलं. जुन्या गाड्या मोडीत काढण्यासाठी आता नोंदणीकृत स्क्रॅपिंग सेंटरचे नियमही आहेत, त्यामुळे डोनर उघडायच्या आधी आपल्या आरटीओत जाऊन विचारा, नंतर नको.

मग गाडी खोलली. हे बघण्यासारखं असतं, वेळ काढून जाच. प्रत्येक नटबोल्ट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर मार्करने लिहिलेलं, दोन्ही गाड्यांचे पार्ट वेगवेगळ्या रॅकवर, माझ्या गाडीच्या पिशव्यांना निळा दोरा, डोनरच्या पिशव्यांना लाल. चाचांकडे शिकाऊ पोरगा आहे तो प्रत्येक पार्ट काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढतो. मी दुसऱ्या गॅरेजांमध्ये पाहिलंय, सगळं एका पत्र्याच्या डब्यात ओततात आणि सहा महिन्यांनी कुठला स्क्रू कुठला ते कुणालाच कळत नाही.

बॉडीचं काम करणारे डेंटर मेस्त्री वेगळे आहेत, मालवणकडचे, वय झालंय पण हात असा की बघत राहावं. सिल कापायच्या आधी त्यांनी दरवाजे लावलेले ठेवून आतून लोखंडी अँगल आडवे-तिरपे वेल्ड केले. का विचारलं तर म्हणाले, "अहो, सिल कापला की गाडी मधून बसता, मगे दरवाजो लागणा नाय." बॉडीच सगळं वजन पेलत असल्यामुळे सिल हा तिचा कणा आहे, आणि अँगल न लावता कापला तर दोन-चार मिलीमीटरने वाकते आणि मग कितीही लांबी (पुट्टी) भरा, दाराची फट सारखी येत नाही. डोनरचा तळाचा पत्रा त्यांनी गॅस कटरने कापला नाही, स्पॉट वेल्डिंगचे ठिपके ड्रिलने एकेक सोडवून अख्खा काढला, म्हणजे कंपनीचे बाक आणि कडा जशाच्या तशा राहिल्या. जोडताना मिग वेल्डिंग, थोडं थोडं, इकडे एक टाका तिकडे एक, कारण सलग वेल्ड केलं की पत्रा तापून लाटा येतात. आतल्या पोकळीत आधी रेड ऑक्साईड, नंतर मेणासारखं कोटिंग. हे कोटिंग कोणाला दिसणार नाही, बिलात लावलं नसतं तरी मला कळलं नसतं, पण त्यांनी मला बोलावून दाखवलं.

दरवाज्यांबाबत माझी इच्छा होती की डोनरचे चांगले आहेत तर सरळ तेच लावू. मेस्त्रींनी नको म्हणून सांगितलं, कारण डिलाईटच्या दरवाज्यावर क्रोमच्या पट्टीची भोकं आहेत, पद्मिनीच्या त्या दरवाज्यावर नव्हती, आणि काकांच्या गाडीचे दरवाजे फक्त खालून सडलेत. मग डोनरच्या दरवाज्याचा खालचा भाग कापून इकडे जोडला. जास्त काम, पण आता दरवाजा ढकलला की तो जुना जाड आवाज येतो. त्रिकोणी काचेची कडी माझी तुटलेली होती ती डोनरची बसली, पुढची काच डोनरची, बॉनेटच्या बिजागऱ्या डोनरच्या, डिकीचं झाकण माझंच.

इंजिनात जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. डोनरचं इंजिन बरं होतं, चालू होत होतं, कुणीही सांगितलं असतं की उचला आणि टाका. चाचांनी दोन्ही इंजिनं उघडली आणि क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे गोल भाग, मायक्रोमीटरने मोजले. माझ्या गाडीचा क्रँक आधीच इतक्या वेळा ग्राइंड झालेला की पुढच्या साइजचं बेअरिंगच नाही, डोनरचा जवळजवळ स्टँडर्ड. मग ठरलं असं की ब्लॉक माझा ठेवायचा कारण इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, आणि आत डोनरचा क्रँक, डोनरची ऑइल पंपाची असेंब्ली, हेड डोनरचं. ब्लॉकला स्लीव्ह टाकून बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, परत स्टँडर्ड ६८ मिलीमीटर. असं केल्यामुळे आरसीवर इंजिन नंबर तोच राहिला, बदल नोंदवायची भानगड नाही, आणि काकांच्या गाडीत काकांचंच इंजिन आहे असं छातीठोकपणे सांगता येतं.

इथे एक सावधगिरी. ऑनलाईन इटलीहून ११०० डी चे पिस्टन, गॅस्केट मागवायचा मोह होतो, फोटो बघून सगळं सारखंच वाटतं. पण इटलीतल्या ११०० डी ला १२२१ सीसीचं इंजिन होतं, बोअर ७२ चा. आपल्याकडची डिलाईट १०८९ चीच राहिली. आणि त्यांची नंतरची ११०० आर १०८९ ची असली तरी तिला पुढे डिस्क ब्रेक आणि गिअर स्टिअरिंगवर नाही तर खाली, म्हणजे तीही हुबेहूब आपली नाही. बोअर मोजल्याशिवाय एक रुपया पाठवू नका.

डोनरमधून काय घ्यायचं नाही हे चाचांना जास्त पक्कं माहीत आहे, आणि माझ्या मते चांगला मेस्त्री यावरूनच ओळखावा. त्यांचं वाक्य आहे, "रोकनेवाला और घुमानेवाला सामान नया ही लगेगा." म्हणजे ब्रेकचे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, होज, टाय रॉडचे एंड, किंगपिन, यातलं एकही डोनरचं वापरलं नाही, दिसायला कितीही चांगलं असो. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी आहे, आजच्या ट्रॅफिकमध्ये समोरची गाडी डिस्कवर खटकन थांबते, तिथे जुन्या रबरवर विसंबून चालत नाही. वायरिंगही नवीन, डोनरचं हार्नेस मागितलं तरी देणार नाहीत, साठ रुपयांची वायर वाचवायला गाडी जाळायची का असं विचारतात. पेट्रोलच्या नळ्या आणि मेकॅनिकल पंपाचा डायफ्राम इथेनॉलला टिकणारा टाकून घेतला, कारण आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यात फुगतं, चिकट होतं. तुमचं गॅरेज हे स्वतःहून बोलत नसेल तर तुम्ही बोला.

हात गिअरच्या लिंकेजचे बुश दोन्ही गाड्यांचे झिजलेले, म्हणून शेजारच्या लेथवाल्याकडून नवे टर्न करून घेतले. फियाट चालवलेल्यांना माहीत असेल, दुसरा की चौथा पडलाय तेच कळत नाही असा तो खेळ असतो, तो पूर्ण गेला. आता गिअर असा पडतो की स्टिअरिंगवरचा हात न हलवता दोन बोटांनी टाकावा.

आता तक्रारी, कारण त्या आहेत. पहिली, वेळ. सांगितलेल्या तारखेच्या खूप पुढे काम गेलं. त्यातला मोठा भाग पावसाळ्याचा, आणि तो मला मान्य आहे, कारण दमट हवेत रंग मारला की वर पांढुरकी झाक येते, खाली ओल अडकली तर नंतर फोड येतात. चाचांनी जून ते सप्टेंबर रंगाला हात लावला नाही, शेजारच्या गॅरेजात त्याच काळात गाड्या रंगवत होते. पण उरलेला उशीर सांगण्यातल्या ढिलाईमुळे झाला. फोन केला तर "होतंय होतंय", फोटो मागितले तर पोरगा दोन दिवसांनी पाठवणार. दुसरी, बिल. सगळा हिशोब एका वहीत, हिंदी-उर्दू-इंग्रजी मिसळून, माझ्यासमोर मांडला तेव्हा एकही रक्कम खोटी निघाली नाही, पण छापील बिल हवं असेल तर ते इथे मिळणार नाही. सगळं मिळून, डोनर धरून, साडेचार लाखांच्या आसपास गेले. तिसरी, गॅरेजला पुरेसं छप्पर नाही, बॉडी उघडी असताना गाडी ताडपत्रीखाली होती, आणि आठवड्यातून एकदा जाऊन मी ताडपत्री बघून यायचो.

क्रोमचं काम चाचा करत नाहीत, बाहेर देतात, आणि तिथे आम्ही पोळलो. ज्याच्याकडे बंपर आणि डिलाईटची जाळी दिली त्याने तांब्याचा थर न देताच वरवर क्रोम चढवलं, महिन्याभरात कडेला पापुद्रे निघाले. नीट काम म्हणजे आधी घासून गंज मुळापासून काढायचा, मग तांबं, त्यावर निकेल, शेवटी क्रोम. चाचांनी स्वतः ते सामान उचललं, दुसरीकडे करून घेतलं आणि माझ्याकडून दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत. जाळी महत्त्वाची होती कारण ती पद्मिनीची चालत नाही, ती डिलाईटचीच पाहिजे, आणि ती गेली असती तर कुठून आणली असती? चोर बाजारात मटण स्ट्रीटला कधीतरी दिसते, पण वाकडी आणि सोन्याच्या भावाने.

रंग ड्युकोचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या लॅकरचा, नाही, दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) मारलाय, शेड मात्र जुनीच, डिकीच्या रबराखाली मूळ रंगाची पट्टी शाबूत होती ती दाखवून मॅच केली. काही शौकीन म्हणतील ड्युकोच पाहिजे, त्याची झळाळी मऊ असते, बरोबर आहे त्यांचं. पण ज्याची गाडी मुंबईत उघड्यावर उभी राहते त्याने पीयूच मारावा असं माझं मत आहे.

विंटेज नोंदणी करायची का, हे बरेच जण विचारतात. नवीन नोंदणीला २०,००० फी, व्हीए अक्षरांची नंबर प्लेट, १० वर्षांची मुदत, पण रोजच्यासारखी गाडी रस्त्यावर काढता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठी. मी सध्या साधीच नोंदणी नूतनीकरण करून ठेवली आहे, कारण काकांना रविवारी सकाळी वरळी सी फेसला घेऊन जायचं असतं आणि त्यांनी पुढच्या सीटवर बसून गिअर कसा पडतो ते ऐकायचं असतं. गाडी फक्त रॅलीसाठीच ठेवणार असाल तर व्हीए घ्या.

गाडी पार्ल्याहून ठाण्यापर्यंत जाऊन आली, घोडबंदरचा चढही चढली, टेम्परेचरचा काटा मधेच राहिला. ब्रेक मारला की सरळ थांबते. वायपर अजून हळू आहेत, ती मोटर डोनरची आहे आणि ती बदलायचीये. चाचा म्हणाले पहिले हजार किलोमीटर झाले की हेड परत टाईट करायला आणि व्हॉल्व्हचं सेटिंग तपासायला घेऊन या, त्याचे पैसे नाहीत.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: सकाळी अकरानंतर जा, शुक्रवारी दुपारी नको, आणि गाडी न नेता आधी नुसते फोटो घेऊन जा, खालून काढलेले, वरून चकचकीत दिसणारे नकोत. आधी नंबर लावावा लागेल, काही महिने थांबायची तयारी ठेवा. ॲडव्हान्स डोनर मिळाल्यावरच घेतात. एसी बसवा, पॉवर स्टिअरिंग टाका असलं काही सांगायला जाऊ नका, ते काम घेणार नाहीत.

आणि हो, माझ्या डोनरचं बरंच सामान शिल्लक आहे. मागची काच, डाव्या-उजव्या मागच्या दरवाज्यांच्या काचा त्यांच्या यंत्रणेसकट, डिफरन्शियल, पुढची दोन ड्रम, हीटर नसलेल्या गाडीचा रेडिएटर. कुणाच्या फियाटला लागत असेल तर कळवा, पैसे नकोत, येऊन घेऊन जा. मला बदल्यात डिलाईटच्या डाव्या पार्किंग लाईटची काच हवीये, ओरिजिनल, तडा नसलेली, कुणाकडे पडून असेल तर आधी मला सांगा.